रोझा नेनीची भाषा

टोपोलिश्ते, २४ फेब्रुवारी २००४

पिरी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच चुलीत टाकशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईकडून लिहून घेतलाय. मी देसा. कुंपणापलीकडची. तेरा वर्षं तू मला एक ओळ लिहिली नाहीस, मीही लिहिली नाही. त्याबद्दल आज बोलायचं नाही. आज तुझ्या आईबद्दल लिहायचंय.

तीन तारखेला सकाळी रोझा नेनींच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. मी सात वाजता बघितलं, साडेसातला बघितलं, मग कुंपणाची फळी सरकवून आत गेले. स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. कोंबड्यांसाठी घेतलेला मका सगळीकडे सांडला होता. त्यांना तालुक्याच्या इस्पितळात नेलं. झटका मोठा होता. उजवा हात गेलाय, उजवा पाय ओढत टाकतात. परवा घरी आणलं. खातात, झोपतात, मला बघून हसतात.

पण पिरी, त्यांची सर्बियन भाषा गेली. एकूण एक शब्द गेला. जन्मभर माझ्याशी, माझ्या आईशी, दुकानात, कचेरीत सर्बियन बोलल्या, अगदी माझ्यापेक्षा शुद्ध. आता डोळे उघडले की फक्त हंगेरियन. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते.

आणि मला हंगेरियन येत नाही. अठ्ठावन्न वर्षं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो. मला येतं काय, तर 'सुप्रभात', मावशीला म्हणायचं 'नेनी' आणि दोन शिव्या. त्यातली एक तूच शिकवलेली.

नर्स आठवड्यातून दोनदा येते. बाकी मी आहे. तू ये, किंवा काय करायचं ते कळव. फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी आमची लाइन अजून पलीकडच्या घराशी जोडलेली आहे. त्या घरातल्या बाईला ऐकायला फार आवडतं.

देसा

*

मालमो, ८ मार्च २००४

प्रिय देसांका,

पत्र मिळालं. चुलीत टाकलं नाही. इथे चूलच नाही.

आईसाठी तू जे केलंस त्याबद्दल आभार. इस्पितळाच्या धुलाईघरात माझी पाळी असते, उन्हाळ्यापर्यंत सुट्टी मिळणं कठीण आहे. डॉक्टरांचे कागद पाठवता आले तर पाठव.

ती काय बोलते ते तुला कळत नसेल, तर जसं ऐकू येईल तसं लिहून पाठव. मी अर्थ कळवीन.

तिला गॅसची भीती वाटते, गॅसवर काही ठेवून बाहेर जाऊ नकोस. चहा लिंडनच्या फुलांचा लागतो. मध घालून, साखर नाही.

पिरोश्का

*

टोपोलिश्ते, २१ मार्च २००४

पिरी,

तुझ्या आईला चहा कसा लागतो हे मला स्वीडनमधून कळवायची गरज नव्हती. तरी असो. तू लिहिलंस, हेच पुष्कळ.

बोलतात त्यातलं कानावर पडेल तसं आपल्या लिपीत उतरवलंय. सगळ्यात जास्त वेळा, दिवसातून दहादा: 'फाझोम.' मला वाटलं कुणा माणसाला हाक मारतायत. मी दार उघडून बघते, कुणी नसतं.

दुसरं: 'होल वॉन ऑ सेमुवेगेम.' हे सकाळी, जरा चिडून.

तिसरं दुपारी, नर्स गेल्यावर. माझा हात धरतात, दाराकडे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात: 'देसानॉक ने मोंद मेग.' यात माझं नाव आहे, म्हणून जास्त उत्सुकता. 'ने' म्हणजे आमच्यातलं 'नाही'च आहे, की दुसरं काही? माझ्याशीच माझ्याबद्दल काय बोलतात? मला वाटतं, त्या मला तू समजतात. 'पिरी, पिरी' म्हणतात. मी आता नाही म्हणत नाही.

गल्लीत कुणाला विचारलं असतं, पण आजारी माणसाचं बोलणं दारोदार फिरवणं मला बरं वाटत नाही. तसेही हंगेरियन घरांतले अर्धे लोक सीमेपलीकडे सेगेदला गेले आणि उरलेले दफनभूमीत. आता विचारायचं कुणाला? कचेरीच्या दारावर पाटी मात्र अजून चार भाषांत आहे. आतला कारकून एकाच भाषेत ओरडतो.

देसा

*

मालमो, २ एप्रिल २००४

देसा,

'फाझोम' म्हणजे मला थंडी वाजते. तिला जाड पांघरूण दे, निळं, कपाटाच्या खालच्या फळीवर असेल.

'होल वॉन ऑ सेमुवेगेम' म्हणजे माझा चष्मा कुठे आहे.

तिसऱ्यातलं 'ने' तुमच्यासारखंच आहे, नको. देसाला उपाशी पाठवू नकोस, असं म्हणते ती. तू दिवसभर राबतेस हे तिला कळतंय.

पिरी

*

टोपोलिश्ते, १३ एप्रिल २००४

पिरी,

म्हणजे ती बिचारी दोन महिने थंडीने कुडकुडत होती आणि मी दार उघडून आणखी वारा आत घेत होते. तुझं पत्र वाचून मी पायरीवर बसले आणि रडले. मग निळं पांघरूण काढलं. ते अंगावर घातल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या मठ्ठ पोरीला अखेर पाढा आला.

म्हणून ठरवलंय. मी हंगेरियन शिकते. हसू नकोस. शाळेतून पहिलीचं पुस्तक आणलंय, बदकं आणि सफरचंदांचं. शिकवायला आपला सामुएल वालेंत आहे, घड्याळवाला स्लोव्हाक. आता जवळजवळ बहिरा झालाय, पण पाच भाषा येतात आणि पाचही भाषांत तो माझ्यावर ओरडतो. मी म्हटलं, "सामो, हळू बोल, मी काही बहिरी नाही." तो म्हणाला, "बाई, आपल्या व्होयव्होदिनात वीस-पंचवीस जातींची माणसं राहतात. स्लोव्हाकाला सर्बियन यावी लागते, रुसिनाला यावी लागते, रोमेनियनाला यावी लागते, हंगेरियनाला यावी लागते. तुम्हा लोकांना मात्र काहीच यावं लागत नाही. मी साठ वर्षं या दिवसाची वाट बघतोय, मला ओरडू दे."

मला वाईट वाटलं. खरंच पिरी, तुमच्या स्वयंपाकघरात मी आले की तुम्ही सगळे तोंडातला घास गिळून सर्बियनवर यायचात. वाक्य अर्धं असलं तरी. मला ते कधी दिसलंच नाही. मला वाटायचं, तुम्ही तसेच बोलता.

या वर्षी दोन्ही ईस्टर एकाच दिवशी आले, माहितीये ना. दोन्ही देवळांच्या घंटा एकदमच, कुणाची कुठली कळेना. मी लाल अंडी केली, रोझा नेनींच्या उशाशी हॅम आणि मुळा ठेवला. आणि त्यांनी परत हात धरून तेच म्हटलं, देसाला उपाशी पाठवू नकोस. तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून वाटीभर सूप संपवलं, शेवयांसकट, आणि वाटी उलटी करून दाखवली. आता रोज असंच करते. त्या जरा चकित होऊन बघतात, पण माझं पोट भरतं. दोन किलो वाढलेय.

एक नवीन वाक्य. यात झिवानचं नाव आहे. त्याला जाऊन चार वर्षं झाली तरी रोझा नेनींना तो आठवतो, याचं मला फार बरं वाटलं. 'झिवान वित्ते कि ऑ पॉपीर्त ऑ तॉन्यारॉ.' यात कागद आहे, एवढं मला कळलं. पण ही तान्या कोण? माझ्या नवऱ्याची कुणी तान्या होती आणि ती तुझ्या आईला ठाऊक होती, असं असेल तर आत्ताच सांग. मेलेल्या माणसाशी भांडायला मला वेळ आहे.

देसा

*

मालमो, २७ एप्रिल २००४

देसा,

तान्या कुणी नाही. त्याचा अर्थ शेगडीशी संबंधित आहे. झिवानने शेगडी पेटवायला कागद आणून दिला, असं काहीसं. तो दर शरद ऋतूत तिची लाकडं फोडून द्यायचा ना, तेच तिच्या डोक्यात असणार.

मी एका गोष्टीचा विचार करतेय. सुबोतिकाजवळ नन चालवतात ते वृद्धांचं घर आहे, तिथे सगळ्या हंगेरियन बोलतात. मी इथून चौकशी केली, जूनमध्ये जागा होईल. तिला तिथे ठेवलं तर तुलाही मोकळीक मिळेल. या वयात नवी भाषा शिकण्याचा त्रास कशाला घेतेस. खरंच नको घेऊस.

पिरी

*

टोपोलिश्ते, १६ मे २००४

पिरोश्का,

तुझं पत्र चारदा वाचलं. मी करते ते तुला पुरेसं वाटत नाही, असं सरळ लिहायचं होतंस. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं दोनशे पोरांना जेवू घातलं, एक म्हातारी मला जड होत नाही.

तरी तुझा अधिकार म्हणून मी त्यांना विचारलं. होय, हंगेरियनमध्ये विचारलं. सामोकडून वाक्य पाठ करून घेतलं होतं: नेनी, तुम्हाला सुबोतिकाला जायचंय? त्यांनी चांगल्या हाताने पलंगाची कड पकडली आणि पहिल्यांदा मला समजेल असं उत्तर दिलं. एकच शब्द, 'नेम.' मग कड सोडेचनात. बोटं एकेक करून मी सोडवली.

त्या कुठेही जाणार नाहीत. तुला न्यायच्या असतील तर स्वतः ये आणि ती बोटं तू सोडव.

पुस्तकातली एकतीस पानं झाली.

देसा

*

टोपोलिश्ते, ३० जून २००४

पिरी,

बेचाळिसाव्या पानावर एक चित्र आहे. मक्याच्या शेतात एक पांढरं घर, विहीर, तीन बदकं. खाली लिहिलंय: तान्या. शेगडी नाही. मळ्यातलं घर.

पुढच्या पानावर बाई पोराला म्हणतात, घरी जाऊन आईला सांग. ते 'सांग' म्हणजे 'मोंद मेग'.

मी सामोला विचारलं नाही. विचारायची गरज उरली नाही. दोन्ही वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहिली.

झिवानने कागद मळ्यातल्या घरी नेऊन दिला. देसाला सांगू नकोस.

मी बरोबर वाचलं का, एवढंच कळव.

*

मालमो, ९ जुलै २००४

देसा,

बरोबर वाचलंस.

मला आता सगळं सांगू दे, मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

एक्क्याण्णवचा सप्टेंबर. क्रोएशियात युद्ध पेटलं होतं, पोरांना सैन्यात हजर व्हायचे कागद येत होते. आपल्या गल्लीतली निम्मी माणसं रात्र झाली की मक्यात झोपायची. माझा धाकटा भाऊ एर्नो चौतीस वर्षांचा होता, पण माझ्यासाठी तो लहानच. माझ्या काकांच्या मळ्यातल्या घरात आम्ही त्याला ठेवलं. हे ठाऊक होतं मला, आईला आणि काकांना. आणि मी सांगितलं एकाच माणसाला. प्लमचा जॅम ढवळत होतो आपण, तुझ्या अंगणात, मोठ्या कढईत. मी तुला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितलं नसतं तर माझी छाती फुटली असती.

चार दिवसांनी त्याच्या हातात कागद पडला. नोव्हेंबरमध्ये तो डॅन्यूबच्या पलीकडून बंद पेटीतून परत आला. पेटी उघडू दिली नाही.

मी मोजलं, देसा. काका नाही, आई नाही, मी नाही. मग एकच घर उरलं. झिवान कचेरीत शिपाई होता, कागद तोच वाटायचा. मला वाटलं, तू सांगितलंस आणि त्याने नेऊन दिला. दोघांनी मिळून. म्हणून डिसेंबरमध्ये मी स्वीडनला निघाले तेव्हा तुझ्या दारावरून गेले आणि थांबले नाही. तू पडद्यामागे उभी होतीस. मी बघितलं होतं.

दोन वर्षांनी आईचं पत्र आलं. मृतांच्या दिवशी झिवान मेणबत्ती घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला, टोपी काढून बसला आणि सगळं सांगितलं. त्याच्या साहेबाने म्हटलं होतं, एक कागद उरलाय, शनिवारपर्यंत दिला नाहीस तर त्यावर तुझं नाव घालतो. तो सायकल घेऊन मळ्यात गेला. एर्नो विहिरीवर दाढी करत होता. त्याने कागद घेतला आणि झिवानला पाणी विचारलं. हे सांगताना झिवान रडला. आणि म्हणाला, देसाने मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. आईने लिहिलं होतं: देसाला यातलं काही माहीत नाही आणि तूही सांगू नकोस, तिचं त्याच्याशिवाय कोण आहे?

म्हणजे तुझा काही दोष नव्हता, हे मला त्र्याण्णव सालीच कळलं होतं. मी तेव्हा लिहायला हवं होतं. पण दोन वर्षं मी तुला मनातल्या मनात इतकं बोलून बसले होते की मला लाज वाटली. आज लिहू, उद्या लिहू करत वर्षं गेली.

आणि या वर्षी खोटे अर्थ का लिहिले? अर्धं आईचं ऐकून. अर्धं भीतीने. तुला कळलं तर तू आईला सोडून जाशील, अशी मला भीती वाटली. हा माझा हिशेबीपणा तुला कळायला हवा. सुबोतिकाचं घरसुद्धा त्याचसाठी काढलं. तू पुस्तकाची पानं मोजत होतीस आणि इथे मी.

पिरी

*

मालमो, १२ ऑगस्ट २००४

देसा,

महिना झाला. तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. फक्त आई कशी आहे, तिच्याजवळ कोण आहे, एवढं एका कार्डावर कळव. सामुएलला लिहायला सांगितलंस तरी चालेल.

पिरी

*

टोपोलिश्ते, २९ ऑगस्ट २००४

पिरी,

तुझी आई बरी आहे. तिच्याजवळ मीच आहे. आता सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी टोमॅटोचा रस उकळत होते. वाचून झाल्यावर गॅस बंद केला, हात धुतले आणि चर्चच्या गल्लीतल्या बाईला निरोप दिला की दोन-तीन दिवस रोझा नेनींकडे तू जा. मग दारं लावून बसले.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मी झिवानला सांगितलं होतं. जॅमची कढई उतरवली त्याच संध्याकाळी. का सांगितलं, तर थंडी पडायला लागली होती, मला वाटलं झिवान सायकलवरून त्याला एक गोधडी नेऊन देईल. गोधडीही काढून ठेवली होती. तो म्हणाला, बघू. चार दिवसांनी एर्नोला नेल्याचं कळलं तेव्हा मी त्याला विचारलं, "झिवान, तू?" तो बूट काढत होता. मान वर न करता "नाही" म्हणाला.

मी एकदाच विचारलं, पिरी. ज्या बाईला खरंच उत्तर हवं असतं ती दुसऱ्यांदा विचारते. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एका पलंगावर झोपलो आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. गोधडी तशीच खुर्चीवर घडी घातलेली होती, हेही मी बघितलं होतं. त्यामुळे मला काहीच माहीत नव्हतं, असं तुझी आई म्हणते आणि तू म्हणतेस, त्यात तुम्हा दोघींचा चांगुलपणा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी झिवानच्या थडग्यावर गेले. त्याला काय बोलायचं ते वाटेत सगळं ठरवलं होतं. तिथे गेल्यावर दगडाला टेकून गवत उपटत बसले. भित्रा होता. वाईट नव्हता, भित्रा होता. दोन्हींतून एर्नो सारखाच मेला. हेच मोठ्याने म्हटलं त्याला. शेजारच्या थडग्यावर पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्याने मान वळवली.

तिसऱ्या दिवशी ती चर्चच्या गल्लीतली बाई तक्रार घेऊन आली. "तुझी म्हातारी जेवत नाही. मी भरवायला गेले तर वाटीकडे बोट दाखवते आणि तोंड मिटते." मी म्हटलं, "काय म्हणते?" तर म्हणे, "मला काय कळतंय, खुणेने 'तू खा, तू खा' असं काहीतरी."

कळलं ना तुला? एप्रिलपासून मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवले, त्या माझ्या जेवण्याची वाट बघायला लागल्या होत्या. आधी समोरच्याने खायचं, मग आपण, असा नियमच झाला त्यांचा. तुझ्या खोट्या अर्थामुळे. मी कुंपणाची फळी सरकवली आणि गेले.

जूनपासून आतापर्यंत मी बरंच शिकले. चुका करते, शब्दांना शेपटं चुकीची लावते, सामो म्हणतो मी हंगेरियन अशी बोलते जशी गाय जिना उतरते. पण त्यांना कळतं. आणि गेल्या रविवारी, दुपारी, मी त्यांचे पाय चोळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी 'सांगू नकोस' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पिरी, देसाला कळलं का गं?"

पहिल्यांदाच प्रश्न. आणि मला प्रश्न पूर्ण समजला, एकही शब्द सुटला नाही.

मी पाय चोळत राहिले. मनात वाक्य जुळवायला वेळ लागला, शेपूट बरोबर लागलं पाहिजे होतं. मग म्हटलं, "नाही, आई. तिला काही माहीत नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि झोपल्या. बराच वेळ, शांत.

मी तुझ्या आईला आई म्हटलं, तुझ्या नावाने. तुला चालत नसेल तर कळव.

आणि तू मला पडद्यामागे बघितलंस, तर थांबली का नाहीस, हे मी विचारणार होते. पण मी तरी पडदा सोडून दारात का आले नाही?

ये आता. पाळी बदलून घे.

देसा

*

मालमो, ८ सप्टेंबर २००४

देसा,

चालतं.

नऊ ऑक्टोबरला बुडापेस्टला उतरते, तिथून बसने सुबोतिका, दुपारी तीनची. दोन आठवडे आहे. तिला आधी सांगू नकोस, वाट बघत बसेल.

पिरी

*

मालमो, ६ नोव्हेंबर २००४

माझी देसा,

परत येऊन दोन आठवडे झाले. सुटकेसमधल्या पेपरिकाच्या लाल मिरच्या इथल्या खिडकीत टांगल्यात, शेजारी विचारतात ही सजावट कुठली.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. सांगायला गेले की तू काहीतरी तळायला घ्यायचीस. म्हणून लिहिते.

मी पोचले त्या दिवशीचं तुला ठाऊक आहेच. मी आईसमोर गुडघ्यांवर बसले, आणि तिने माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघून विचारलं, "पिरी, ही बाई कोण?" तू इतकी घाबरलीस की मलाच तुझी दया आली. आणि मग तू म्हणालीस, "ही देसा आहे, आई." मला तेव्हा राग आला होता. आता नाही. ती ज्या मुलीशी आठ महिने बोलली ती तू होतीस, आणि मी तिच्यासाठी कुणीतरी शेजारून आलेली. तेही खोटं नव्हतं. म्हणून दोन आठवडे मी देसा झाले. स्वतःच्या आईच्या घरात दार वाजवून आत येत होते.

शेवटच्या गुरुवारी तू औषधाच्या दुकानात गेली होतीस. आम्ही दोघीच होतो. आई खिडकीशी बसली होती, मी खसखस घातलेल्या शेवया भरवत होते. तिने अचानक चांगल्या हाताने माझं मनगट धरलं, आणि म्हणाली, "देसा, बस. तुझ्याशी बोलायचंय."

मी बसले.

"मी दोन वर्षं तुझ्यावर रागावले होते," ती म्हणाली. "एर्नोनंतर. पूर्ण दोन वर्षं. अंगणात तू दिसलीस की मी मनात शिव्या द्यायचे. सूप पाठवलंस की कोंबड्यांना घालायचे. मग झिवान आला, सांगून गेला, आणि मला कळलं की मी चुकीच्या माणसावर रागावले होते. तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

देसा, मी तुझ्या वतीने काय बोलणार. तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. तुला ते सूप आठवत असेल, रिकाम्या परत आलेल्या वाट्या आठवत असतील. पण ती उत्तराची वाट बघत होती, म्हणून मी म्हटलं, "नाही, नेनी. मला वाटायचं तुम्हाला माझं सूप फार आवडतं."

मग तिचा तो एका बाजूने ओढला गेलेला ओठ हलायला लागला, आणि मला कळेना की ही रडते आहे की काय. ती हसत होती. दोन्ही खांदे हलेपर्यंत.

"मग ती दोन वर्षं फुकटच गेली," ती म्हणाली, आणि शेवयांसाठी तोंड उघडलं.

मी बदललेला एकही शब्द यात नाही. सामुएलला विचारायचं असेल तर ती हंगेरियन वाक्यं मागच्या पानावर लिहिली आहेत, आणि तुला आता ती स्वतःच वाचता येतील.

पिरी